छत्रीचे पान

व्यापारी घरांतील दिवाळीपूर्वीची साफसफाई नुसती जळमटे काढण्यापुरती नसते. माळ्यावरचे खोके खाली उतरतात, कोणता कागद ठेवायचा आणि कोणता रद्दीत द्यायचा याचा निवाडा होतो, आणि त्या निमित्ताने एक पिढी मागच्या पिढीच्या हस्ताक्षरासमोर पुन्हा एकदा उभी राहते. बोईसरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी अशाच एका आश्विनात लाल कापडी बांधणीच्या चार बह्या खाली आल्या. कडा कसरीने कुरतडलेल्या, पाने पिवळी पडलेली. रद्दीच्या ढिगाकडे निघालेल्या त्या बह्या घरातील मुलीने वाटेतच अडवल्या आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

मुलीला त्या वेळी बह्यांची गरज वेगळ्याच कारणासाठी होती. मुंबईतील एका महाविद्यालयात ती अ‍ॅनिमेशन शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा एक लघुपट करायचा असतो. कथा त्याची, चित्रे त्याची आणि वेळापत्रकही त्याचेच. विषय तिने केव्हाच ठरवला होता : दादाजींचे दुकान. तिचे दादाजी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी राजस्थानातील पालीकडून पालघरला आले, बाजारात एक गाळा भाड्याने घेतला आणि गूळ, मीठ, तेल, तांदूळ विकू लागले. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. ही वसाहत नावाने तारापूरची असली, तरी तिचा सारा राबता बोईसरला. पालघरपासून दोन स्थानके पुढे गिऱ्हाईक वाढते आहे हे ओळखून मुलीच्या वडिलांनी दुकान बोईसरला हलवले. दादाजी वारले तेव्हा मुलगी जेमतेम चार वर्षांची होती. तिच्या आठवणीत त्यांचे धोतर होते, तपकिरी चष्मा होता आणि गुळाच्या ढेपेवरून खरवडून हातावर ठेवलेला एक खडा होता. एवढ्या भांडवलावर ती पाच मिनिटांचा चित्रपट करायला निघाली होती.

अडचण पात्रांपाशी आली. तिने दुकानातील गिऱ्हाइकांची बारा चित्रे काढून शिक्षकांना दाखवली. शिक्षकांनी ती न्याहाळली आणि काळ्या शाईने सगळी भरून आणायला सांगितली. नाक, डोळे, कपड्यांवरची नक्षी, सगळे काळे. उरली नुसती बाह्यरेषा. मग त्यांनी विचारले, "आता यातला कोण कोणता, ते सांग." तिला तीनच ओळखता आले. पात्ररचनेचा हा जगभर पाळला जाणारा पहिला नियम आहे. पडद्यावरचे पात्र क्षणभरच दिसते, कधी दूरवरून, कधी पाठमोरे. तेवढ्या वेळात प्रेक्षकाने ते केवळ आकारावरून ओळखले पाहिजे. त्यानंतर तेच पात्र समोरून, तिरपे, बाजूने आणि पाठीमागून कसे दिसते, इतर पात्रांच्या तुलनेत त्याची उंची किती, हसताना आणि रागावताना त्याचा चेहरा कसा होतो, हे सर्व एका कागदावर मांडतात. त्याला मॉडेल शीट म्हणतात. पुढची शेकडो चित्रे त्या एका कागदाला बांधलेली असतात. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर तो नमुना. एकदा नमुना पास झाला की माल त्याबरहुकूमच उतरला पाहिजे.

ती काळी चित्रे घेऊन मुलगी घरी आली. रात्री दुकान वाढवून वडील वर आले. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, देरासरात सगळ्या मूर्ती एकसारख्या असतात. तेच आसन. मग तुझी आई लांबूनच कसं सांगते की हे आदिनाथ आणि हे नेमिनाथ?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, खालच्या लांछनावरून. बैल असेल तर आदिनाथ, शंख असेल तर नेमिनाथ."

"मग तुझ्या गिऱ्हाइकांना लांछनं कुठे आहेत?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. उत्तर टेबलावरच्या बह्यांत निघेल, याची त्यांनाही कल्पना नव्हती.

बह्या महाजनी लिपीत होत्या. ही लिपी भराभर लिहिण्यासाठी घडलेली. तिच्यात काना-मात्रा बहुधा गाळलेल्याच असतात. 'काकाजी अजमेर गया' हे पत्र घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' असे वाचून रडारड केली, ही गोष्ट मारवाडी घरांत आजही हसत हसत सांगितली जाते. वडिलांना ती लिपी निम्मीशिम्मी लागत होती, मुलीला अजिबात नाही. परंतु पाने उलटताना तिच्या ध्यानात आले की प्रत्येक खात्याच्या माथ्यावर, नावाच्या शेजारी, बोरूने काढलेले एक लहानसे चित्र आहे. कुठे ताडाचे झाड, कुठे होडी, कुठे बैलाची शिंगे, कुठे कोयता, कुठे तीन मडकी एकावर एक. वडिलांना मग आठवले. दादाजींकडे उधारीने माल नेणाऱ्यांत सातपाटीकडचे कोळी होते, आतल्या पाड्यांवरचे वारली होते, वीटभट्टीवरचे मजूर होते. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आपले खाते कोणते आणि शेटने रक्कम आपल्याच पानावर मांडली की नाही, हे त्यांना कळावे म्हणून दादाजी गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या पानावर एक खूण काढत. गिऱ्हाईक आले की आधी खुणेवर बोट ठेवी आणि मग मागणी सांगे.

मुलगी त्या पानांकडे बराच वेळ पाहत राहिली. पदवीच्या उंबरठ्यावर असलेली ती स्वतःच्या आजोबांच्या बहीपुढे निरक्षर होती. तिलाही खुणाच तेवढ्या वाचता येत होत्या. साठ वर्षांपूर्वी गल्ल्यापलीकडे उभा असलेला माणूस जिथे होता, तिथे ती आज बसली होती. त्या रात्री तिने जुनी बाराही चित्रे बाजूला ठेवली. ताडवाल्याला तिने उंच, किडकिडीत आणि डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा केला. होडीवालीला रुंद, खाली निमुळती आणि डोलत चालणारी. तीन मडक्यांच्या बाईचा बांधाच एकावर एक रचलेल्या तीन गोलांचा झाला. दुसऱ्या आठवड्यात काळ्या शाईची परीक्षा पुन्हा झाली आणि बारापैकी अकरा पात्रे बाह्यरेषेवरून ओळखता आली.

अडले ते बारावे. त्याच्या पानावर एक अर्धगोल होता, वर किंचित टोकदार, खाली पसरट. दांडा नव्हता. मुलीने आणि वडिलांनी मिळून तो छत्री ठरवला. दांडा काढायचा राहून गेला असेल, असे दोघांनी मानले. तिने छत्रीवाला काढला : ताठ, रुबाबदार, हातात बंद छत्री. तो ओळखू येत होता, मात्र त्या बाजारातला वाटत नव्हता.

पात्रांनंतर आराखडा. इथे वडिलांचा खरा अधिकार होता. मुलीने त्यांना सांगितले की चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढताना एक चित्र दोन फ्रेम ठेवले तरी डोळ्यांना चालते, म्हणून सेकंदाला १२ चित्रे पुरतात. वडिलांनी पाकिटामागे हिशेब मांडला. पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद. गुणिले १२ म्हणजे ३,६०० चित्रे. स्वच्छ रेषेची अशी दिवसाला १५ चित्रे तिच्या हातून होत होती. म्हणजे २४० दिवस. हातात होते २० आठवडे. आठवड्याचे सहा दिवस धरून १२०.

"हा धंदा पहिल्याच दिवशी बुडीत आहे," वडील म्हणाले.

मग त्यांनी उलटा हिशेब केला. १२० दिवसांतून रंग, आवाज आणि जुळणीसाठी ३० दिवस वजा. उरले ९०. मुलगी पुढे जाऊ लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवले. "गोदामात शंभर पोती आली म्हणून शंभर पोती विकायला मिळत नाहीत. उंदीर खातात, ओल लागते, पोतं फाटतं. घट धरली नाही तो व्यापारी नाही." दहा दिवस घटीच्या खाती टाकले. उरले ८० दिवस; गुणिले १५ म्हणजे १,२०० चित्रे, म्हणजे १०० सेकंदांची हालचाल. मुलीने सांगितले की काही दृश्यांत माणसे हलत नाहीत, पावसात भिजलेला बाजार किंवा बहीचे उघडे पान नुसते दिसत राहते. तिथे एक चित्र पुष्कळ वेळ चालते. अशी ५० सेकंदे धरली. चित्रपट अडीच मिनिटांचा ठरला.

अडीच मिनिटांत पाच मिनिटांची गोष्ट मावेना, तेव्हा बारा पात्रांतील सात गाळावी लागली. भिंतीवर ३२ लहान चित्रांचा स्टोरीबोर्ड लागला. प्रत्येक चित्राखाली सेकंद लिहिलेले, शेवटी बेरीज. वडील रोज रात्री एकदा त्या भिंतीपुढे उभे राहत आणि बेरीज तपासत. त्यांना चित्रकलेतले काही कळत नव्हते, पण सातव्या चित्राला सहा सेकंद आणि पंधराव्याला दोन, हे जमाखर्चासारखे त्यांच्या डोक्यात बसले होते. पुढे त्या चित्रांना वेळेबरहुकूम एकामागून एक जोडून, तात्पुरता आवाज घालून कच्चा चित्रपट तयार झाला. त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. चूक असेल तर ती इथेच सापडावी, कारण इथे एक चित्र खोडले की काम भागते. नंतर शंभर खोडावी लागतात.

चित्रे हलवण्याची ही विद्या महाराष्ट्रात उपरी नाही, आणि हिशेबाशी तिचे नातेही जुनेच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण महिनाभराहून अधिक काळ चालू ठेवले. पडद्यावर ते रोप क्षणात जमिनीतून वर येऊन पसरताना दिसले. ती त्यांची हौस नव्हती. भांडवल देऊ शकणाऱ्यांना या यंत्राची करामत पटवून देण्यासाठी केलेला तो नमुना होता. बँकेच्या भाषेत तो कर्जाच्या अर्जासोबतचा प्रकल्प अहवालच म्हणता येईल. त्या धडपडीत सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. पुढे १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. निर्जीव काड्या कणाकणाने सरकवून, दर वेळी चित्र घेऊन त्यांना नाचवले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग उघडला, तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या तरुणांना शिकवायला आले. शिकाऊंच्या त्या तुकडीत राम मोहन होते. जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' १९५७ साली या विभागातून बाहेर पडला. आणि १९७४ चा 'एक अनेक और एकता' तर दूरदर्शन पाहिलेल्या कोणाला आठवत नाही? त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. चित्रे भीमसेन यांची. जाळे घेऊन उडणारे पक्षी आणि ते कुरतडणारे उंदीर वडिलांनाही आठवत होते. ते कोणीतरी एकेक करून हाताने काढले असतील, हा विचार मात्र त्यांच्या मनात प्रथमच आला. "किती दिवस लागले असतील?" एवढेच त्यांनी विचारले.

चित्रशैलीचा प्रश्न निघाला तेव्हा एका मैत्रिणीने सुचवले, सगळे वारली पद्धतीनेच कर. पालघरची गोष्ट आहे, शोभून दिसेल. मोह होण्यासारखेच होते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो आणि तो चालतो, वाकतो, तारप्याभोवती नाचतोही. बाह्यरेषेवरून ओळखण्याचा नियम या कलेने कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी पाळला आहे. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींच्या हातांतली ही कला डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीने आठवडाभर विचार केला आणि नको म्हटले. गोष्ट दुकानदाराच्या घरातून सांगितली जात होती. रेषा गिऱ्हाइकाच्या घरची वापरली, तर तीही एक उधारीच झाली असती, आणि तीही न विचारता केलेली. दादाजींच्या बोरूची जाड, थोडी थरथरती रेषा तिने घेतली. ती तिची स्वतःची होती.

अ‍ॅनिमॅटिक महाविद्यालयात दाखवले गेले. सर्वांना आवडले. शेवटी मागच्या बाकावरचा जव्हारकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "तुझे दादाजी पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत हसतच आहेत. आमच्याकडे उधारीच्या वहीची गोष्ट सांगताना कोणी हसत नाही."

तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. या जिल्ह्यात उधारीच्या वहीला इतिहास आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघे सावकाराच्या शेतावर राबत राहत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली त्या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत लिहिली. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. दादाजी पालघरला आले ते या सगळ्यानंतर. ते जमीनदार नव्हते, वेठ घेणारे नव्हते. किरकोळ उधारी देणारे दुकानदार होते. परंतु बही बहीसारखीच दिसते, आणि ती दुसऱ्याच्या हातात असते.

मुलगी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला या पाच पानांतला प्रत्येक शब्द वाचून दाखवा."

वडिलांनी दोन रात्री खपून ती पाने लावली. चार खाती चुकती झालेली होती. छत्रीच्या पानावर १९६३ च्या पावसाळ्यात ४० रुपये उसने दिल्याची नोंद होती, पुढे थोडी परतफेड, आणि एका ओळीत : चांदीची कडी जोड १, वजन १४ तोळे, ठेवली. शेवटची नोंद १९६७ ची. त्यापुढे पान कोरे.

वडील उठले, तिजोरी उघडली आणि तळाशी असलेली एक मळकी पुरचुंडी बाहेर काढली. कडी काळी पडली होती. आईने विचारले, "ही तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. कोणाची आहेत?" वडिलांनी पानावर बोट ठेवले. आयुष्यभर ती पुरचुंडी दर दिवाळीला तिजोरीतून निघत होती, पुसली जात होती आणि परत ठेवली जात होती. कोणी विकली नाही, हे खरे; कोणी शोध घेतला नाही, हेही तितकेच खरे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आणि ऋणकोला द्यायच्या हिशेबाचे नियम घालून दिले होते. दादाजींपाशी परवाना होता की नव्हता, हे बहीतून समजत नव्हते. पान कोरे राहिले, एवढेच समजत होते.

"हे चित्रपटात घ्यायलाच हवं का?" वडिलांनी विचारले. बाजारात चार लोक ओळखतात, समाजात नाव आहे. दादाजींच्या पश्चात त्यांच्याविषयी कोणी काही बोलावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

मुलगी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर नाही घेत. पण मग ते छत्रीचं पानच काढून टाकावं लागेल. अर्धं पान मला दाखवता येणार नाही."

वडील त्या रात्री काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांपाशी त्यांनी चौकशी सुरू केली. पानावर पाड्याचे नाव होते. माणसाचे नाव काना-मात्रेवाचून दोन-तीन प्रकारांनी वाचता येत होते. तीन आठवड्यांनी पत्ता लागला. त्या घरातला नातू औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता आणि गेली कित्येक वर्षे याच दुकानातून महिन्याचा किराणा नेत होता.

पवईच्या आयआयटीत १९६९ साली, म्हणजे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. तिथल्या नीना सबनानी यांनी 'हम चित्र बनाते हैं' हा लघुपट भिल्ल चित्रकाराच्या साथीने, भिल्लांच्याच शैलीत केला आणि २०१६ च्या चित्रपटांसाठी दिलेला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तो चित्रपट मुलीला वर्गात दाखवला गेला होता. ज्याची गोष्ट सांगायची त्याला आधी विचारावे, ही गोष्ट तिने तेव्हा वहीत लिहून घेतली होती. ती प्रत्यक्षात कशी करायची, हे एका रविवारी चिल्हार रस्त्याने आत जाताना तिला समजू लागले.

घर कुडाचे होते, एक बाजू नव्या विटांची. ओटीवर एक म्हातारी बसली होती. बहीतल्या माणसाची ती मुलगी. वडील अवघडून उभे राहिले. "मावशी, आम्ही पालघरच्या जुन्या दुकानातले," एवढे सांगून त्यांनी पुरचुंडी तिच्यासमोर ठेवली. म्हातारीने ती लगेच उघडली नाही. मुलीने बहीच्या पानाचे छायाचित्र तिच्या हातात दिले. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेले आणि तिला हसू फुटले.

"हे आमचं पान. बाबा सांगायचा, इरल्याचं पान आपलं."

"आजी, ही छत्री नाही?" मुलीने विचारले.

"छत्री कुठली? छत्रीला पैसा होता कुठे? भर पावसात बाबा इरलं घालून बाजारात जायचा. शेटनी ते बघूनच काढलं."

दांडा काढायचा राहून गेलेला नव्हताच. बांबूच्या काड्यांचे आणि पानांचे, डोक्यावरून पाठीवर उतरणारे, लावणीच्या वेळी वाकलेल्या माणसाला पावसापासून झाकणारे ते इरले होते. दादाजींची रेषा अचूक होती. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुकानातली छत्री होती, म्हणून त्यांना छत्री दिसली.

म्हातारीने मग पुरचुंडी सोडली. कडी हातात घेतली, फिरवून पाहिली. नातू संकोचून म्हणाला, "शेट, व्याज किती झालं असेल?" वडील घाईघाईने म्हणाले, "काही नाही, काही नाही. ते खातं कधीच बंद झालं."

म्हातारी कोणाकडे न पाहता म्हणाली, "ही माझ्या आईची. ती गेली तेव्हा तिचे पाय मोकळेच होते."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. वडिलांनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. ज्या मोठ्या मनाने आपण आलो असे त्यांना वाटेत वाटत होते, त्याची तिथे कोणालाच गरज नव्हती. चहा आला, तो त्यांनी घेतला. निघताना मुलीने विचारले, "आजी, मी हे चित्रात काढू का?" म्हातारी म्हणाली, "काढ. पण बाबाला वाकलेला काढ. इरल्यात माणूस ताठ नसतो."

स्कूटरवर दोघांत एकही शब्द झाला नाही. घरी आल्यावर मुलीने भिंतीवरून रुबाबदार छत्रीवाल्याची चित्रे उतरवली. स्टोरीबोर्डातली ९ चित्रे बदलावी लागली आणि मॉडेल शीट नव्याने करावी लागली. पात्राचा आकार आता पाठीकडून सुरू होत होता : एक मोठा वाकलेला अर्धगोल आणि त्याखाली दोन अनवाणी पावले. काळ्या शाईने भरले तरी तो इतर कोणाहीसारखा दिसत नव्हता. या कामाला तीन दिवस लागले. वडिलांनी ते घटीच्या खात्यातून वजा केले. दहातले सात उरले.

त्यानंतर एका रात्री ते भिंतीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. दादाजींच्या मॉडेल शीटवर सहा चेहरे होते : हसरा, विचारात पडलेला, हिशेब करणारा, गिऱ्हाइकाला हाक मारणारा, डुलकी घेणारा आणि पुन्हा हसरा. स्टोरीबोर्डातल्या सत्ताविसाव्या चित्रात कडी पुरचुंडीत बांधून गल्ल्याखाली जात होती आणि गल्ल्यामागे पहिला चेहरा होता.

"इथे बाऊजींना हसवू नकोस," वडील म्हणाले.

"मग कसे काढू, पप्पा?"

ते विचार करत राहिले. त्यांना वडिलांचा तसा चेहरा आठवत होता की ते तो मनाने रचत होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. अखेर ते मुलीच्या खुर्चीवर बसले, समोर बही उघडी असल्यासारखी मान खाली घातली, आणि म्हणाले, "असे. वर बघितलं नसेल त्यांनी."

मुलीने पेन्सिल घेतली आणि वडिलांना पाहून सातवा चेहरा काढू लागली. तो जमायला दोन दिवस लागले. घटीच्या खात्यात पाच शिल्लक राहिले.